धोंडूची सहावी चौकट

"हे तुमच्या डब्यात," असं म्हणून चितारीमामांनी पोस्टकार्ड माझ्याकडे सरकवलं.

छापखान्याच्या माडीवर आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो. मध्ये बिस्किटांचे दोन रिकामे पत्र्याचे डबे होते. एकावर मी खडूनं 'ठकी' असं लिहिलं होतं. दुसऱ्यावर मामांनी अक्षर न लिहिता नुसतं रेडकाचं तोंड काढलं होतं. सकाळपासून आम्ही पोस्टकार्डं वाचून त्या डब्यांत टाकत होतो. ठकीचा डबा दोनदा भरला, म्हणून मी तो टेबलावर रिकामा केला होता. धोंडूच्या डब्याचा तळ अजून दिसत होता.

"हे पण तुमच्यातच."

"मामा, नीट वाचा. घाई नका करू."

"वाचलं की. 'मला ठकी खार आवडते कारण ती हुशार आहे. इयत्ता सहावी, नंबर दुसरा.' ह्यात आणि काय वाचायचं?"

मी कार्ड डब्यात टाकलं आणि तोंडावर येणारं हसू चहाच्या कपामागे लपवलं. मामांना ते दिसलं असणार. पुढचं कार्ड उचलून त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं.

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. आमचं 'भिंगरी' हे मुलांचं मासिक कऱ्हाडहून निघायचं. बापूसाहेब हसबनीस त्याचे संपादक, मालक आणि छापखानेवाले. लग्नपत्रिका आणि बियाणांच्या पिशव्यांवरची लेबलं छापून छापखाना चालायचा, आणि 'भिंगरी' बापूसाहेबांच्या हौसेवर चालायचं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, नुकती बी. ए. झालेली. उपसंपादक, मुद्रितं तपासणारी, मुलांच्या पत्रांना उत्तरं देणारी आणि बापूसाहेबांचा चष्मा शोधून देणारी, अशी माझी चार पदं होती.

चितारीमामांचं नाव शंकर. चावडीजवळ त्यांचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकचे नंबर रंगवायचे, बेंदराच्या दिवशी बैलांच्या शिंगांना रंग द्यायला वाडीवाडीवरनं त्यांना बोलावणं यायचं. त्यांनी माणूस काढला की तो पाटीवरच्या माणसासारखा ताठ यायचा. जनावर काढलं की मात्र ते कागदावरच अंग झाडील असं वाटायचं. म्हणून बापूसाहेबांनी त्यांना 'भिंगरी'त आणलं.

मासिकात दोन चित्रकथा होत्या. ठकी खार माझी. म्हणजे चित्रं मामांचीच, पण गोष्ट आणि संवाद माझे. ठकीच्या अंगात ठिपक्यांचा झगा, कानावर पेन्सिल. मुंगसाची चोरी पकडायची, पोपटाला पाढे शिकवायचे, पूर आला की सगळ्या रानाला वाचवायचं, हे सगळं ठकी सहा चौकटींत उरकायची. ती कधी म्हणून हरली नाही. मी तिला हरू दिलंच नाही.

धोंडू हे रेडकू मामांचं. गोष्टही त्यांचीच आणि ती दर महिन्याला एकच. ओढ्याच्या पलीकडे उसाचा फड आहे आणि धोंडूला पलीकडे जायचंय. कधी तो केळीच्या खुंटांचा तराफा करी, कधी भोपळ्यांची माळ पोटाला बांधी, एकदा तर बगळ्यांना विनवून त्यांच्या पायांना लोंबकळला होता. पाचव्या चौकटीत व्हायचं ते होई आणि सहाव्या चौकटीत धोंडू ओढ्याच्या मधोमध चिखलात बसलेला असे. एक कान उभा, एक आडवा. खाली दोनच शब्द: 'उद्या बघू.'

मला धोंडू आवडत नसे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे त्यात होतंच. पण मला तेव्हा खरंच वाटायचं, की अडीच वर्षं एकाच ओढ्यात पडणाऱ्या रेडकापासून मुलांनी घ्यायचं काय?

त्या वर्षी कागद मिळेना. बत्तीस पानांचं मासिक चोवीस पानांवर आणायची वेळ आली. बापूसाहेबांनी आम्हाला दोघांना बोलावलं.

"दोनांतलं एक जनावर रजेवर पाठवावं लागणार," ते म्हणाले. "मी ठरवणार नाही, तुम्हीही ठरवू नका. मासिक मुलांचं आहे, मुलंच ठरवतील. कुमुद, पुढच्या अंकात निवेदन टाक. आवडतं जनावर कोणतं, पोस्टकार्डानं कळवा. ज्याला जास्त पत्रं, ते दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर. दुसऱ्याला दिवाळीत निरोप."

निवेदन मी लिहिलं. पाच ओळींचं. त्या पाच ओळी मला आजही तोंडपाठ आहेत.

संध्याकाळी मोजणी संपली. ठकी चारशे अडतीस, धोंडू सत्तावन्न.

मामांनी ती सत्तावन्न कार्डं एकावर एक रचली, कडा जुळवल्या आणि पाट्यांना आखणी करायच्या दोऱ्यानं बांधली.

"एक विचारू का ताई?" ते म्हणाले. "तुम्हाला धोंडू का आवडत न्हाई?"

"आवडत नाही असं कुठं म्हणाले मी?"

"म्हणाला न्हाईसा. पण ठकीचं मुद्रित तुम्ही तीनदा तपासता आणि धोंडूचं एकदा."

मग मीही स्पष्टच बोलले. "तो काही शिकत नाही, मामा. दर वेळी तीच चूक. पालथ्या घड्यावर पाणी. ठकी बघा, तिच्याकडं बघून मुलांना वाटतं, आपणही असं व्हावं."

"वाटत आसंल," मामा म्हणाले. "पर धोंडू हरतोय असं तुम्हाला का वाटतं? रेडकाला चिखल म्हंजे हार व्हय? आमच्या म्हशी बघा येऊन एकदा."

"मग तो दर वेळी पलीकडं जायला का निघतो?"

"ऊस दिसतोय की त्याला," मामा म्हणाले, आणि डबा उचलून त्यावरचं खडूचं तोंड बाहीनं पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी निकाल ऐकला, चष्मा काढला, पुसला आणि मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "शंकरराव, ठकीची चित्रं तुमचीच राहणार. धोंडूचं शेवटचं पान असं करा, की पोरांना गोड वाटेल."

"गोड म्हंजे कसं?" मामांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"एकदा तरी त्याला पलीकडं पोचू द्या," मी म्हणाले. "अडीच वर्षं बिचारा धडपडतोय. शेवटी ऊस खाऊ दे."

मामा विचारात पडले. "पल्याड गेला तर त्यो धोंडू कसला ऱ्हायला?"

"शंकरराव, कुमुद म्हणते ते बरोबर आहे," बापूसाहेब म्हणाले. "दिवाळी आहे. दिवाळीत कुणी चिखलात नको."

त्या निरोपाच्या पानावर धोंडूची जुनी चारदोन चित्रंही छोटी करून टाकावीत, असं बापूसाहेबांच्या मनात आलं. छापखान्यातली आमची जुन्या अंकांची फाइल त्यांनी कुणाला तरी वाचायला दिली होती आणि कुणाला ते त्यांना आठवत नव्हतं. म्हणून मी नगर वाचनालयात गेले. तिथं आमचे सगळे अंक वर्षवार बांधून ठेवलेले असत.

ग्रंथपाल गजाननराव रिसबूड हे कपाळावर कायम आठ्या असलेले गृहस्थ. 'भिंगरी'चं नाव काढताच त्या आठ्यांत आणखी एकीची भर पडली.

"बरं झालं तुम्ही आलात. तक्रार लिहायचीच होती. तुमच्या त्या रेड्यानं माझी फाइल खाल्ली."

"म्हणजे?"

त्यांनी दोन जाड खंड माझ्यापुढे आपटले. मी उघडले. बहात्तरचा जूनचा अंक, सतराव्या पानाच्या जागी शिवणीलगत बोटभर पट्टी. जुलै, तेच. ऑगस्ट, तेच. ब्लेडनं सरळ रेषेत, शेजारच्या पानाला ओरखडा न लागू देता कापलेलं. पुढचा खंड बघितला. चालू वर्षाचे सुटे अंक बघितले. अठ्ठावीस अंकांत अठ्ठावीस पट्ट्या. धोंडू कुठेच नव्हता.

ठकी मात्र होती. प्रत्येक अंकात होती. कोरी करकरीत, घडीसुद्धा न पडलेली.

"तुमच्या खारीला कोणी हात लावत नाही," रिसबूड म्हणाले. "चोराला तेवढीच अक्कल."

मी तिथंच बाकावर बसले. माझ्या अंगातली विजयाची वाफ निम्मी तिथंच गेली. उरलेली घालवायला एक मुलगी आली.

दुपारची शाळा सुटली होती. बालविभागात चारपाच मुलं आली आणि त्यांच्या मागून ती. दहा-अकरा वर्षांची, दोन वेण्या, हातात कंपासपेटी. ती थेट 'भिंगरी'च्या ताज्या अंकाकडे गेली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि पेटी उघडली. पेटीत कर्कटक नव्हता. दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा होता.

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिनं पेटीचं झाकण पटकन मिटलं.

"मी ओरडणार नाही," मी हळूच म्हणाले. "मी 'भिंगरी'तली ताई आहे. नाव काय तुझं?"

"शमा. शमा बागवान." मग रिसबूडांच्या टेबलाकडे बघत, "साहेबांना सांगनार?"

"नाही सांगत. पण त्या पानांचं तू करतेस काय?"

तिनं दप्तरातून दोनशेपानी वही काढली. तिच्यात धोंडू होता. अठ्ठावीस महिन्यांचा धोंडू, भाताच्या खळीनं चिकटवलेला, दर पानाला एक. पानाच्या कडेला पेन्सिलीनं तिनं स्वतःच काहीबाही लिहिलं होतं. 'आरं तिकडनं नको.' 'भोपळा फुटनार बघ.' 'लागलं का?'

"तुला ठकी नाही आवडत?"

"आवडती की."

"मग तिची पानं का नाही कापत?"

शमानं माझ्याकडे असं बघितलं, की एवढंही हिला कसं कळत नाही. "ठकीला समदं येतंय. तिला मी कशाला पायजे? धोंडूला सांगावं लागतंय."

मी वही मिटली. मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं. "अगं, मग पोस्टकार्ड का नाही टाकलंस? आम्ही लिहिलं होतं की अंकात. तुझ्या धोंडूला पत्रं कमी पडली."

तिनं मान खाली घातली आणि कंपासपेटीचं झाकण दोनतीनदा उघडलं-मिटलं.

"कार्ड आणलं हुतं आब्बांनी. पर त्यात नंबर लिवायचा हुता."

"कसला नंबर?"

"मागच्या परीक्षेतला. मी चौथीत दुसऱ्यांदा हाय."

निवेदनाची पाचवी ओळ अशी होती: 'पत्रावर आपले संपूर्ण नाव, इयत्ता व मागील परीक्षेतील नंबर लिहिण्यास विसरू नये.'

'भिंगरी'ची ती रीतच होती. कोडी सुटली, गोष्टी आल्या, की आम्ही मुलांची नावं नंबरासकट छापायचो. आईवडील ती कात्रणं चौकटीत लावायचे. मी स्वतः शाळेत असताना माझं नाव असंच छापून आलं होतं, नंबर पहिला. माझा नंबर तिसऱ्याच्या खाली कधी गेलाच नाही. तेव्हा नंबर ही काही लपवायची गोष्ट असते, हे माझ्या डोक्यात येणार तरी कुठून? चारशे पंच्याण्णव कार्डं मी हातानं उलटली होती. पहिला, दुसरा, चौथा, पहिला, तिसरा. त्यातल्या एकाही कार्डावर विसावा नंबर नव्हता, नापास नव्हतं, आणि मला ते खटकलं नव्हतं.

"आमच्या वर्गातल्या कुणीच न्हाई टाकलं," शमा म्हणाली. "मागच्या बाकावरच्यांनी. ताई, धोंडू जानार न्हाई न्हवं?"

"बघू," मी म्हणाले.

वाचनालयातून छापखान्याकडे जाताना माझं ठरलं होतं. बापूसाहेबांना सगळं सांगायचं. ते न्यायी गृहस्थ होते, त्यांनी निकाल नक्की फिरवला असता. मोजणी परत घेतली असती, नंबर न मागता. आणि मग काय झालं असतं ते मला अठ्ठावीस पट्ट्यांनी दाखवलंच होतं.

मी माडीवर पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. चित्रांचे ब्लॉक, म्हणजे छपाईचे धातूचे ठसे, कोल्हापूरला व्हायचे. चित्रं पुठ्ठ्यात बांधून चारच्या एस. टी.च्या कंडक्टरकडे द्यायची, तिकडे ब्लॉकवाल्याचा माणूस स्टँडवर घ्यायला येई. बापूसाहेब दोरी घेऊन उभेच होते. टेबलावर दोन चित्रं होती. एक मुखपृष्ठाचं. ठकी, हातात आकाशकंदील, रंगवून पुरी झालेली. मामांनी तिच्या झग्याचा एकेक ठिपका असा भरला होता, की त्यांचा जीव धोंडूत अडकलाय असं कुणालाही वाटू नये. त्या झग्याखाली बारीक अक्षरात माझं नाव होतं. माझं नाव मुखपृष्ठावर पहिल्यांदाच येणार होतं.

दुसरं चित्र धोंडूचं.

"बघा ताई," मामा म्हणाले. "तुम्ही सांगितल्यापरमाणं."

पहिल्या चार चौकटींत रानातली सगळी जनावरं ओढ्यात एकापाठोपाठ एक उभी राहतात आणि त्यांच्या पाठींवरून धोंडू चालत जातो. पाचवीत तो पलीकडे पोचलेला, तोंडात उसाचं कांडं, डोळे मिटलेले. आणि सहावी चौकट. ऊस खाऊन धोंडू घरी परतायला निघालाय, पूल करणारी जनावरं केव्हाच पांगलीत, आणि तो ओढ्याच्या मधोमध चिखलात बसलाय. एक कान उभा, एक आडवा. उद्या बघू.

मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. ते सहसा असं बघत नसत.

"जुनी चित्रं राहू देत. आता अडचण अशी आहे," बापूसाहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "की कुमुद, तुझा निरोपाचा मजकूर आणि ह्या सहा चौकटी एका पानात बसत नाहीत. मजकूर निम्मा कर, नाहीतर एक चौकट गाळ. लवकर सांग, गाडी जाईल."

तेव्हाच बोलायचं होतं. शब्द जिभेवर होते. 'बापूसाहेब, थांबा, मोजणी चुकली. माझ्या ओळीनं चुकली.' एवढंच वाक्य. पण टेबलावर ठकी होती, तिच्या खाली माझं नाव होतं, आणि मला त्या चिखलात बसलेल्या रेडकाचा हेवा वाटला. खरं तेच सांगते. अडीच वर्षं मी ठकीला हरू दिलं नव्हतं ते मलाच हरायचं नव्हतं म्हणून.

मनात म्हटलं, उद्या सांगू. आज नुसते ब्लॉक होताहेत, अंक कुठं छापून झालाय?

"पाच चौकटी पुरेत," मी म्हणाले. "ऊस मिळाला तिथंच संपवावं."

आणि पट्टी धरून मी स्वतः ब्लेडनं सहावी चौकट कापली. सरळ रेषेत, शेजारच्या चौकटीला ओरखडा न लागू देता.

मामांनी तो तुकडा मागितला नाही. त्यांनी कुंचला धुतला, पंच्याला पुसला आणि चपला घातल्या. जिन्याच्या तोंडाशी थांबून म्हणाले, "ताई, तुम्ही काहीतरी सांगनार हुता काय? आल्या आल्या तुमचं तोंड तसं दिसलं."

"नाही मामा. काही नाही."

दुसऱ्या दिवशी मुद्रितं आली. तिसऱ्या दिवशी फराळाच्या जाहिराती आल्या. मग अंक निघाला, चांगला खपला, ठकीच्या मुखपृष्ठाचं कौतुक झालं, मिरजेच्या एका शाळेनं मला बक्षीस समारंभाला बोलावलं. मी वाचनालयात जायचं बंद केलं. रस्त्यात दोन वेण्यांची मुलगी दिसली की मी दुसऱ्या दुकानात शिरायची. सहावी चौकट शब्दकोशात ठेवून दिली होती. शब्दकोश रोज लागायचा, पण ते पान मी उघडत नसे.

ठकी त्यानंतर अकरा वर्षं चालली. मामा दर महिन्याच्या वीस तारखेला चित्रं घेऊन येत. पुढं त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि झग्याचे ठिपके थोडे मोठे झाले. आम्ही ठकीबद्दल बोलायचो, पावसाबद्दल, त्यांच्या म्हशींबद्दल. धोंडूचं नाव दोघंही काढत नसू.

पंचाऐंशी साली बापूसाहेब गेले आणि त्यांच्या मागोमाग 'भिंगरी'ही बंद झाली. छापखाना त्यांच्या मुलांनी विकायला काढला. माडी आवरताना उरलेले अंक वाचनालयाला द्यावेत म्हणून मी एक गठ्ठा घेऊन गेले. रिसबूड निवृत्त झाले होते. नव्या ग्रंथपालबाईंनी जुने खंड ताडून बघायला माझ्यापुढे ठेवले.

चौऱ्याहत्तरचा खंड मी उघडला. जानेवारी, पट्टी. फेब्रुवारी, पट्टी. अशा ऑक्टोबरपर्यंत. मी वाचनालयात बसले होते त्या दिवशीच्या ताज्या अंकाचंही पान शेवटी गेलंच होतं तर. मग दिवाळी अंक. मी सतरावं पान शोधलं.

ते होतं. धोंडू पलीकडे पोचलेला, तोंडात ऊस, डोळे मिटलेले. खाली माझा निरोपाचा मजकूर, पुरा. पानाला साधी घडी नव्हती, कडेला बोटाचा डाग नव्हता. अकरा वर्षांत तेवढं एक पान कुणालाही नको होतं.

मी घरी गेले, शब्दकोशातली सहावी चौकट काढली आणि तशीच चावडीकडे निघाले. मामा दुकानाच्या पायरीवर बसले होते. पाट्या आता त्यांचा पुतण्या रंगवायचा.

"या ताई. छापखान्याला कुलूप लागलं म्हनं?"

मी शेजारी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. पट्ट्या, ब्लेड, वही, निवेदनातली पाचवी ओळ. चारशे अडतीस आणि सत्तावन्न कशामुळे झाले ते. आल्या आल्या माझं तोंड तसं का दिसलं होतं ते. सांगताना मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"ती पोरगी आली हुती माझ्याकडं," मामा म्हणाले.

"कोण? शमा?"

"नाव न्हाई ध्यानात. बागवानाची. दिवाळी झाल्यावर चारपाच दिसांनी आली, वही घिऊन. मला म्हनली, पुस्तकातला धोंडू शेवटाला खोटा छापलाय. खरा कुठाय? मग म्या तिच्या वहीत सहावी चौकट काढून दिली. तिनं खाली काय लिवलं ठाव हाय? 'उद्या ये.'" मामा हसले. "नंबराचं तिनंच सांगितलं. ताईंनाबी सांगितलंय म्हनली."

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून ठाऊक होतं?"

"व्हय."

"अकरा वर्षं? आणि तरी तुम्ही माझी ठकी काढत राहिलात?"

"ठकीनं काय वाकडं केलंय माझं? गुनाची खार हाय ती."

"मग एकदा तरी मला बोलायचं होतंत, मामा. शिव्या द्यायच्या होत्या."

मामांनी माझ्या हातातला तो चौकोनी तुकडा घेतला. शाई जरा तपकिरी झाली होती. त्यांनी तो आधी एका डोळ्याजवळ धरला, मग दुसऱ्या, आणि चिखलात बसलेल्या त्या रेडकाच्या आडव्या कानावरून अंगठा फिरवला.

"बोलायचं हुतं की," ते म्हणाले. "दर वीस तारखेला जिना चढताना ठरवायचो. वर तुम्ही ठकीची गोष्ट वाचून दावायला लागला, की म्हनायचो, ऱ्हाऊ दे. उद्या बघू."